दळण गिरणीत, वेलदोडा खलबत्त्यात

‘क्लाउड’ या शब्दाने बराच घोटाळा केला आहे. ढग म्हटलं की वाटतं, काहीतरी वर तरंगणारं, कुणाच्याच मालकीचं नसलेलं. प्रत्यक्षात तो कुणाच्या तरी इमारतीत, कुणाच्या तरी विजेवर चालणारा हजारो संगणकांचा कारखाना आहे. आपला आवाज, आपले फोटो तिथं जातात, तिथं त्यांच्यावर काम होतं आणि उत्तर परत येतं. पण आता घरातल्या साध्या उपकरणातही बऱ्यापैकी संगणक बसलेला असतो. मग सगळंच तिकडे का धाडायचं?

आपल्या आज्यांना याचं उत्तर ठाऊक होतं. गव्हाचं दळण गिरणीत जायचं. चहात घालायचा वेलदोडा मात्र घरच्या खलबत्त्यातच कुटला जायचा.

हाक मारली की बोलणारा स्पीकर घ्या. ॲमेझॉनचा ‘एको’ २०१४ साली आला. तो सतत कान देऊन बसलेला असतो, पण सतत पाठवत नसतो. ‘अलेक्सा’ हा एक शब्द ओळखण्यापुरती अक्कल त्या डब्यातच असते. गेल्या काही सेकंदांचा आवाज तो जवळ ठेवतो आणि त्यावर नवा लिहीत जातो. तो शब्द ऐकू आला, की पुढचं वाक्य क्लाउडकडे रवाना होतं. एक शब्द ओळखायला छोटी चिप पुरते. पण ‘उद्या नागपूरला छत्री लागेल का’ हे समजून घ्यायला मोठं यंत्र लागतं, आणि हवामानाची माहिती तर मुळात बाहेरच असते.

कॅमेऱ्याचं गणित आणखी बोलकं आहे. सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने चित्र पाठवलं, तर दिवसाकाठी साडेएकवीस गिगाबाइट होतात, आणि त्यातला बहुतेक भाग रिकाम्या अंगणाचा! माझी मावशी कोकणात एकटी राहते. तिच्या ओसरीवर मी कॅमेरा बसवला, तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, “अरे, हे आणखी कोण बघतं?” मला तो फार नेमका वाटला. हललं ते केळीचं पान की माणूस, हे कॅमेऱ्यातच ठरत असेल, तर माणूस दिसला तेवढीच फीत बाहेर जाते. ते ठरवायचं काम क्लाउडवर असेल, तर पानसुद्धा बाहेर जातं आणि मावशीचं दुपारचं निवडणं-टिपणंही.

सगळा भार क्लाउडवर टाकला की काय होतं, हे ७ डिसेंबर २०२१ रोजी दिसलं. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात ॲमेझॉनच्या केंद्रांमध्ये बिघाड झाला आणि लोकांच्या घरातले केर काढणारे यंत्रमानव आणि दारावरच्या कॅमेऱ्याच्या घंटा अडून बसल्या. त्याआधी, २०१६ साली, ‘रिव्हॉल्व्ह’ नावाचं घरातली उपकरणं जोडणारं यंत्र मालक कंपनीने सेवा थांबवल्यामुळे कायमचं निकामी झालं. यंत्र धडधाकट होतं. त्याची गिरणी बंद पडली, एवढंच.

म्हणून आता घरच्या घरात बोलणं व्हावं, असे प्रयत्न सुरू आहेत. २०२२ साली आलेल्या ‘मॅटर’ या सामायिक मानकात वेगवेगळ्या कंपन्यांचे दिवे, बटणं, कुलुपं घरच्याच जाळ्यावर एकमेकांशी बोलू शकतात. मला त्याहून आवडलेली युक्ती गूगलने २०१७ साली मोबाइलच्या कीबोर्डासाठी मांडली. तुम्ही काय टंकलं ते फोनमध्येच राहतं. फोन त्यावरून शिकतो आणि फक्त शिकलेला धडा पाठवतो. क्लाउडमध्ये अनेक फोनांचे धडे एकत्र होऊन सुधारलेला कीबोर्ड सगळ्यांना परत मिळतो.

मात्र ओढ एकाच दिशेची नाही. ॲपलने २०२१ पासून नव्या फोनांवर ‘सिरी’ला बोलणं फोनमध्येच ओळखायला शिकवलं, गजर लावायला इंटरनेट लागेनासं झालं. उलट ॲमेझॉनने, अमेरिकेत काही मोजक्या एकोंवर असलेली, आवाज घरातच ओळखून फक्त मजकूर पाठवण्याची सोय २८ मार्च २०२५ पासून काढून घेतली. नव्या, जास्त हुशार अलेक्साला क्लाउडचं बळ लागतं, असं कारण दिलं. कारण खोटं नाही. पण विकत घेताना असलेली सोय नंतर जाऊ शकते, हेही त्यातून कळतं.

स्मार्ट दिवा किंवा कुलूप घ्यायला दुकानात गेलात, तर विक्रेत्याला राउटरची इंटरनेटची तार काढायला सांगा आणि मग बटण दाबून बघा.