पोकरचा डाव आणि मराठी वाक्यातील कर्ता

‘त्याने डाव जिंकला’ आणि ‘तो डाव जिंकला’ ही दोन्ही वाक्ये मराठीत सर्रास चालतात. ‘तो डाव हरला’ हेही चालते. परंतु ‘त्याने डाव हरला’ हे वाक्य कानाला खटकते. शिकणे, विसरणे, हरणे असे काही धातू सकर्मक असूनही भूतकाळी कर्तरी राहतात, ही गोष्ट आपल्या व्याकरणाच्या अभ्यासकांस नवी नाही. मो. के. दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त (१९११) प्रयोगविचाराचा विस्तृत ऊहापोह आहेच. जिंकणे मात्र दोन्ही बाजूंना राहू शकते आणि त्याचा जोडीदार हरणे एकाच बाजूला राहतो, या विषमतेकडे प्रस्तुत लेखकाचे लक्ष गेले ते ग्रंथवाचनातून नव्हे. इंदिरानगरात राहणाऱ्या काही तरुणांच्या संध्याकाळच्या गप्पांमधून ते गेले. ही मंडळी संगणकावर व भ्रमणध्वनीवर पोकरच्या स्पर्धा खेळत आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर आदल्या रात्रीचे डाव एकमेकांस सांगत. डाव सांगणे हा त्यांच्यात खेळण्याइतकाच गंभीर व्यवहार होता. आपण कोठे चुकलो हे चार जणांसमोर उघड करावयाचे व त्यांनी ते तपासावयाचे, असा त्याचा शिरस्ता होता.

ज्यांना हा खेळ परिचित नाही त्यांच्यासाठी त्याचे स्वरूप थोडक्यात सांगितले पाहिजे. आज सर्वाधिक खेळल्या जाणाऱ्या प्रकारात प्रत्येक खेळाडूस दोन पाने झाकलेली मिळतात. मग सर्वांच्या समाईक अशी पाच पाने मधोमध उघडली जातात; प्रथम तीन एकदम, नंतर एक, शेवटी एक. या प्रत्येक टप्प्यावर, आणि त्याआधीही एकदा, पैज लावण्याची, वाढविण्याची किंवा पाने टाकून देण्याची संधी असते. सात पानांतून उत्तम पाच जमविणारा जिंकतो. अथवा बाकीच्या सर्वांना पाने टाकावयास लावणारा जिंकतो, मग त्याच्या हाती काहीही असो. स्पर्धेत खेळाडू ठराविक प्रवेशमूल्य भरतो व त्याला ठराविक चिप्स मिळतात. त्या संपल्या की तो बाद. सक्तीच्या पैजांची रक्कम ठराविक वेळाने वाढत जाते, त्यामुळे केवळ वाट पाहत बसणाऱ्याचा साठा आपोआप झिजतो. बक्षिसे वरच्या थोड्या जणांना मिळतात आणि त्यांतील मोठा वाटा अगदी शेवटच्या दोन-तीन जणांकडे जातो.

२००३ साली लास व्हेगास येथील जागतिक स्पर्धेत ख्रिस मनीमेकर हा टेनेसी राज्यातील एक हिशेबनीस ८३९ स्पर्धकांत पहिला आला. मुख्य स्पर्धेचे प्रवेशमूल्य दहा हजार डॉलर होते. तो मात्र ८६ डॉलरच्या एका आंतरजालीय पात्रता-स्पर्धेतून तेथवर पोचला होता. बक्षीस होते पंचवीस लाख डॉलरचे. पुढल्याच वर्षी स्पर्धकांची संख्या २,५७६ झाली. घरबसल्या खेळणाऱ्या सामान्य माणसाला ‘हे आपल्यालाही जमेल’ असे वाटू लागले ते तेव्हापासून, आणि ती हवा यथाकाल नाशिकपर्यंतही आली.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. मराठीत पत्त्यांची परिभाषा जुनी आहे. इस्पिक, बदाम, किलवर, चौकट ही रंगांची नावे. पिसणे, वाटणे, उतारी, हुकूम हे खेळातील व्यवहाराचे शब्द. सावंतवाडीची गंजिफा तर याहून निराळी; तिच्या दशावतारी संचात दहा अवतारांची प्रत्येकी बारा अशी १२० गोल पाने असतात. पोकर आला तो इंग्रजी शब्द घेऊन. पण या तरुणांच्या तोंडी ते शब्द सरसकट मिसळलेले नाहीत. त्यांची वाटणी झालेली आहे. खेळाडू जे ठरवून करतो त्यासाठी इंग्रजी शब्द आणि त्याला जोडलेला ‘करणे’ हा धातू: ‘मी रेझ केलं’, ‘त्याने कॉल केला’, ‘मी फोल्ड केलं’. तीन पत्तीतून आलेले ‘पॅक करणे’ही याच जातीचे. उलट जे खेळाडूच्या हाती नाही त्यासाठी अस्सल मराठी अकर्मक धातू: पाने ‘येतात’, रंग ‘लागतो’, एक्का ‘पडतो’, जोडी ‘बसते’. या दुसऱ्या गटात खेळाडू वाक्यात येतो तो चतुर्थीत: ‘मला एक्क्यांची जोडी आली’, ‘त्याला शेवटच्या पानावर रंग लागला’. या वाटणीला अपवाद आहेत. ‘थाप मारणे’ हा शुद्ध देशी प्रयोग हेतुपूर्वक केलेल्या कृतीचाच आहे आणि ‘ब्लफ करणे’ यापेक्षा तो मला अधिक अर्थवाही वाटतो. तरीही एकंदर कल स्पष्ट आहे.

इंग्रजीत असे घडत नाही. तेथे पान मिळविणारा, पैज लावणारा आणि हरणारा असा तिन्ही ठिकाणी ‘मी’ हाच उद्देश्य असतो. रंग लागला हेदेखील इंग्रजीभाषक खेळाडू ‘मी रंग मारला’ अशा घाटाने सांगतो. मराठी भाषकाला मात्र प्रत्येक वाक्य उच्चारताना निवड करावीच लागते. ‘मी’ म्हणावयाचे की ‘मला’? म्हणजे डाव सांगता सांगताच तो, नकळत का होईना, यातील माझे किती आणि पानांचे किती याचा हिशेब मांडत असतो.

हा हिशेब खरा असतो काय? येथे थोडे गणित करणे अवश्य आहे. ५२ पानांतून दोन पानांच्या १,३२६ जोड्या होतात. त्यांतील एक्क्यांच्या जोड्या सहा. तेव्हा ती जोडी सरासरीने २२१ डावांत एकदा येते. समजा ती आली, समोरच्यास राजांची जोडी आली आणि दोघांनी सारे काही पणाला लावले. एक्केवाला शंभरांपैकी सुमारे ८२ वेळा जिंकेल. निर्णय निर्दोष आहे. तरी अठरा वेळा तो बाद होणार. स्पर्धेत शेवटपर्यंत जावयाचे तर असे निर्वाणीचे डाव एकदाच येत नाहीत. लागोपाठ चार वेळा अशा ८२ टक्क्यांच्या बाजूला राहूनही चारही वेळा टिकण्याची शक्यता ४५ टक्केच उरते. चारही निर्णय अचूक घेऊन निम्म्याहून अधिक वेळा माणूस घरी जातो! म्हणून बाद झालेला खेळाडू ‘मला लागलं नाही’ म्हणतो तेव्हा त्याचा चतुर्थीचा प्रयोग पुष्कळदा यथार्थ असतो, ही गोष्ट खेळ न जाणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी ध्यानात घेतली पाहिजे.

परंतु पुष्कळदा म्हणजे नेहमी नव्हे. याच मंडळींतील एकाची वाक्ये मी बराच काळ ऐकत होतो. त्याने शिकवण्यांची वर्षभराची मिळकत प्रवेशमूल्यांत घातली होती. जिंकलेला डाव तो असा सांगे: ‘मी त्याला वाचला, मी थाप मारली, मी त्याला पाने टाकायला लावली.’ हरलेला डाव असा: ‘मला वाटलं त्याच्याकडे काही नाही, माझ्याकडून कॉल झाला, आणि त्याला लागलं.’ दोन्ही ठिकाणी निर्णय त्याचाच होता. पण दुसऱ्या निवेदनात ‘मी’ कोठेही कर्ता नाही. ‘मला वाटलं’ हा अनुभव झाला, ‘माझ्याकडून झाला’ हा अपघात झाला. चुकीची कबुली देण्यासाठी मराठीत किमान तीन पायऱ्या आहेत: ‘मी चुकलो’, ‘माझे चुकले’, ‘माझ्याकडून चूक झाली’. पायरी खाली उतरावी तसतसा माणूस आपल्या कृतीपासून दूर सरकतो. हा गृहस्थ सदैव तिसऱ्या पायरीवर उभा असे. अगदीच वैतागला की चौथी: ‘पानांनी दगा दिला.’ येथे तर पानांनाच तृतीया लागून ती कर्ता झाली आणि खेळाडू वाक्यातून साफ नाहीसा झाला. ही युक्ती आजची नव्हे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात (१०.३४) फासेच माणसाला नाचवितात, ओढून नेतात, जाळतात. लीळाचरित्रातील हरपाळदेवाची कथाही आठवते. द्यूतात हरलेला हा राजपुत्र पत्नीपाशी अलंकार मागतो, ती ते देत नाही, आणि त्या नकारातून त्याच्या विरक्तीची वाट उघडते. तेथे मात्र पाने वा फासे कोणाच्या आड उभे राहत नाहीत.

त्याच्या मित्रांची तपासणीची रीत मला भाषिक दृष्ट्या फार मोलाची वाटली. संगणक प्रत्येक डावाची लेखी नोंद ठेवतो: अमक्याने इतके लावले, तमक्याने पाने टाकली. त्या नोंदीत वाटणे, लागणे, दगा देणे यांपैकी काही नसते. कर्ता, क्रिया आणि संख्या एवढेच असते. मित्र ती नोंद समोर ठेवीत आणि त्याचे प्रत्येक ‘माझ्याकडून झाले’ हे वाक्य ‘तू केलेस’ असे फिरवून विचारीत: ‘तू कॉल केलास तेव्हा त्याच्याकडे काय असेल असं धरलं होतंस?’ प्रयोग बदलला की उत्तर देणे भाग पडते. त्यांनी हे व्याकरण म्हणून केले नाही, हे सांगावयास नकोच. तीच तपासणी जिंकलेल्या डावांचीही व्हावयास हवी होती. ‘मी त्याला वाचला’ या वाक्यामागे कित्येकदा ‘मला लागलं’ एवढेच असते. पण जिंकलेला डाव तपासण्याची घाई कोणाला नसे.

जिंकणे आणि हरणे यांच्यातील आरंभी सांगितलेली विषमता येथे उलगडते. जिंकणे ही मराठी भाषकाला कृती म्हणूनही दिसते, स्थिती म्हणूनही. म्हणून ‘त्याने’ आणि ‘तो’ असे दोन्ही प्रयोग. हरणे हे केले जात नाही, ते होते. यावर कोणी म्हणेल की ‘त्याने डाव गमावला’ असे आपण म्हणतोच. खरे आहे. पण गमावणे हा निराळा धातू आहे आणि त्यात दोषारोप भरलेला आहे. हाती असलेले घालविले, असा त्याचा भाव. हरण्याला कर्ता हवा असेल तर मराठीला धातूच बदलावा लागतो. वर्तमानपत्रांचे क्रीडावृत्त या दृष्टीने कोणी पदव्युत्तर विद्यार्थ्याने तपासल्यास भरपूर सामग्री हाती येईल.

न्यायालयांपुढे हाच प्रश्न वेगळ्या भाषेत आला. महाराष्ट्रात लागू असलेला मुंबईचा १८८७ चा जुगारप्रतिबंधक कायदा ‘केवळ कौशल्याच्या’ खेळास वगळतो. यातील ‘केवळ’चा अर्थ काय? १९५७ साली चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा अर्थ लावला की, ज्या स्पर्धेत यश बव्हंशी कौशल्यावर अवलंबून असते ती जुगार नव्हे. (तो खटला शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धेवरून उद्भवला होता, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकांना गंमतीची वाटावी.) १९६७ साली त्याच न्यायालयाने रमीला कौशल्याचा खेळ ठरविले, पडलेली पाने स्मरणात ठेवावी लागतात हे त्याचे एक कारण. तीन पत्तीला मात्र तो मान मिळाला नाही. पोकरबाबत एकमत झाले नाही. २०१७ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने, मुंबईच्या त्याच जुन्या कायद्याचा विचार करून, त्याला जुगाराच्या बाजूला टाकले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पोकर व रमी कौशल्याचे खेळ असल्याचे म्हटले. माझ्या मते या मतभेदाचे मूळ प्रश्नाच्या मांडणीत आहे. खेळ संपूर्णपणे ‘मी’चा की संपूर्णपणे ‘मला’चा, असे विचारले तर पोकरचे उत्तर देताच येत नाही. एक डाव पाहिला तर तो बहुतांशी ‘मला’; हजारो डाव पाहिले तर पानांचे देणेघेणे सर्वांना सारखे होत जाते आणि फरक उरतो तो ‘मी’चा. पण हजारो डाव खेळेपर्यंत किती जणांचे पैसे टिकतात?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला आणि पडद्यावरील पैशांच्या खेळांपुरता हा सारा वाद बाजूला सारला. खेळ कौशल्याचा असो, दैवाचा असो वा दोहोंचा, पैसे लावून परताव्याच्या अपेक्षेने तो ऑनलाइन खेळविणे निषिद्ध ठरले. देशातील पोकरच्या संस्थांनी पैशांचे खेळ लगोलग थांबविले. पणजीला मांडवीच्या पात्रातील जहाजांवर प्रत्यक्ष टेबलाशी बसून खेळणे हा वेगळा विषय. तो गोव्याच्या १९७६ च्या कायद्याच्या व त्यातील पुढील दुरुस्त्यांच्या कक्षेत येतो.

इंदिरानगरातील त्या बैठका आता होतात, पण विरळ. बलिप्रतिपदेला, जिला आपल्या धर्मग्रंथांनी द्यूतप्रतिपदा असेही नाव दिले आहे, ही मंडळी बिनपैशांची मेंढीकोट खेळत बसलेली मी पाहिली. शिकवण्या घेणारा तो तरुणही त्यांत होता. त्याच्या स्पर्धांविषयी मी विचारले तेव्हा एकाच संभाषणात त्याच्या तोंडून तीन वाक्ये आली: प्रथम ‘त्यांनी खेळ बंद केला’, मग ‘खेळ बंद झाला’, आणि थोड्या वेळाने, पाने पिसता पिसता, ‘सुटला माझा खेळ’. ‘सोडला’ असे तो म्हणाला नाही. मीही दुरुस्ती सुचविली नाही. सामग्री गोळा करणाऱ्याने ती सुचवू नये.