विश्लेषण : गावातली ‘पडीक’ जमीन खरेच मोकळी असते का?

अंगणवाडी, घरकुल, स्मशानभूमी किंवा सौरप्रकल्प, गावात काहीही उभारायचे ठरले की पहिला प्रश्न जागेचा येतो. उत्तरही ठरलेले असते, ‘गायरान पडीकच आहे की!’ हिंगोली जिल्ह्यात सेनगाव, औंढा नागनाथ आणि कळमनुरी तालुक्यांतल्या माळांबाबत हे वाक्य सहज बोलले जाते. मात्र कागदावरची पडीक जमीन आणि शिवारातली पडीक जमीन एकच असते असे नाही. त्या माळावर कोणाची जनावरे चरतात, कोणी ज्वारी पेरतो, तर कोणाचे घर तिथेच उभे असते. जागा ठरवण्याआधी नोंद कुठे आणि कशी पाहायची, याची ही माहिती.

पडीक म्हणजे नेमके काय?

सरकारी आकडेवारीत ‘पड’ हा एकच प्रकार नाही. चालू वर्षात पेरली नाही ती चालू पड. एक ते पाच वर्षे पेरणी नसेल तर ती इतर पड. पाच वर्षांहून अधिक काळ नांगर लागला नसेल, पण लागवड शक्य असेल, तर ती लागवडयोग्य पडीक. कायम कुरणे आणि चराई जमिनी हा यांहून वेगळा रकाना आहे. म्हणजे गायरान हे सरकारी व्याख्येनुसारही पडीक नाही, ते वापरातले कुरण आहे. बोलण्यात मात्र सगळ्याला ‘पडीक’च म्हटले जाते आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

खासगी सातबाऱ्यावर आणखी एक शब्द भेटतो, तो म्हणजे पोटखराबा. त्याचे दोन वर्ग आहेत. खडक, नाले, खड्डे यांमुळे लागवडीला निरुपयोगी ठरलेला भाग वर्ग ‘अ’ मध्ये येतो. रस्ता, पाणवठा अशा सार्वजनिक कामासाठी सोडलेला भाग वर्ग ‘ब’ मध्ये. अनेक शेतकऱ्यांनी मुरूम फोडून, गाळ टाकून वर्ग ‘अ’ची जमीन कधीच पिकाखाली आणली, पण कागदावर ती खराबच राहिली. परिणामी पीककर्ज आणि नुकसानभरपाईच्या हिशेबात ते क्षेत्र धरले जात नसे. २०१८ मध्ये नियमांत बदल झाला आणि अशी जमीन लागवडयोग्य क्षेत्रात नोंदवण्याची वाट मोकळी झाली. वर्ग ‘ब’ला ही सवलत नाही.

नोंद कुठे सापडते?

सातबारा सगळ्यांना माहीत असतो. सरकारी जमिनीसाठी मात्र पाहायचे ते तलाठ्याकडचे (आता ग्राम महसूल अधिकारी) गाव नमुना एक आणि त्याचे पोटनमुने. ‘एक’ म्हणजे आकारबंद, त्यात गावातल्या प्रत्येक गटाचे क्षेत्र आणि आकारणी असते. ‘एक-अ’ वनजमिनींची नोंदवही, ‘एक-ब’ कोणाच्याही भोगवट्यात नसलेल्या सरकारी जमिनींची, तर ‘एक-इ’ अतिक्रमणांची. गावात मोकळी सरकारी जागा किती, याचे पहिले उत्तर एक-ब मध्ये मिळते. ती खरोखर मोकळी आहे का, हे एक-इ शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. दोन्ही नोंदवह्या एकत्र मागणारे लोक कमीच भेटतात.

ग्रामपंचायतीचे दप्तर वेगळे असते. पंचायतीच्या जमिनींची नोंदवही म्हणजे नमुना २४, तर नमुना ८ ही घरे आणि इमारतींवरच्या कर आकारणीची यादी. महसुली नोंद आणि पंचायतीची नोंद जुळत नसेल, तर भांडणाचे बी तिथेच पडते. पंचायत एखादी जागा आपली समजून कुंपण घालते आणि महसूल दप्तरात ती शासनाची निघते.

मराठवाड्यात याला इतिहासाचीही जोड आहे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, पण इथल्या जमिनीचे मूळ कागद हैदराबाद संस्थानाच्या महसूल पद्धतीतून आलेले आहेत. वाद निघाला की लोक अजूनही १९५४-५५ च्या खासरा पाहणीची नक्कल शोधतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची, ती लागू झाली १५ ऑगस्ट १९६७ पासून. त्याआधी गायरानाची हद्द काय होती, हा प्रश्न आला की जुनी पत्रके काढावीच लागतात.

मोबाइलवरच्या पीक पाहणीत पड दिसते का?

दिसते, पण अर्धीच. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी पिकाबरोबर चालू पड आणि कायम पडही नोंदवू शकतो. रान पेरले नसेल तर रकाना रिकामा सोडण्यापेक्षा ही नोंद करणे बरे. मात्र हे ॲप खातेदाराच्या नावाने चालते. गायरानाला खातेदार नसतो. त्यामुळे गावातला सर्वांत मोठा सामाईक तुकडा या पाहणीत शेतकऱ्याच्या हातून येतच नाही. तिथे गवत किती, बाभळी किती आणि गुरे किती दिवस चरतात, याची नोंद एकाही सातबाऱ्यावर होत नाही.

उपग्रहाचे काय?

केंद्राच्या भूसंसाधन विभागाने हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या मदतीने पडीक जमिनींचा नकाशासंग्रह काढला आहे. २०१९ च्या आवृत्तीनुसार २०१५-१६ मध्ये देशात सुमारे ५.५७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भौगोलिक क्षेत्राच्या १६.९६ टक्के जमीन पडीक होती. हा आकडा मोठ्या धोरणांसाठी उपयोगी पडतो. गावासाठी तो जपून वापरावा लागतो, कारण उपग्रहाला झुडपी माळ दिसतो, त्यावरून रोज जाणारा मेंढ्यांचा कळप दिसत नाही.

हिंगोलीत असेच दुसरे उदाहरण जलाशयांच्या काठाचे आहे. सिद्धेश्वर आणि इसापूरचे पाणी उतरले की उघडी पडणारी गाळपेर जमीन बाहेरच्याला ओसाड वाटते. तिथे चारा आणि भाजीपाला चांगला येतो. ती जलसंपदा विभागाकडची जमीन आहे आणि मोसमापुरती कसायला देता येते.

माळाला अगदी वेगळा उपयोगही मिळू शकतो. औंढा नागनाथजवळच्या दुधाळा परिसरात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या चार-चार किलोमीटरच्या भुजांना स्थिर आणि शांत जमीन लागते. ज्या माळाला आपण ‘काही उपयोग नाही’ म्हणतो, त्याची शांतताच इथे उपयोगाची ठरली. अर्थात असा प्रकल्प गावोगावी येत नसतो.

गायरान कसणाऱ्यांचे काय?

हा या विषयातला सर्वांत नाजूक भाग. मराठवाड्यात गायरानावर पिढ्यान्‌पिढ्या कसणारी बहुतांश कुटुंबे भूमिहीन, दलित आणि भटक्या समाजांतली आहेत. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांची मागणीच ‘पडीक सरकारी जमीन आम्हाला कसायला द्या’ ही होती. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची पात्र भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. तेव्हापासून एक-इ मधली नोंद हा या कुटुंबांचा मोठा आधार आहे. ज्यांचे नाव तिथे कधी चढलेच नाही, त्यांना कसूनही पुरावा नाही. अतिक्रमणाच्या वहीत आपले नाव असावे म्हणून गरीब माणसाने धडपडावे, अशी ही उलटी गंमत आहे.

दुसऱ्या बाजूला सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात गावच्या सामाईक जमिनींवरील बेकायदा ताबे काढण्याचे आदेश राज्यांना दिले. राज्याने त्याच वर्षी १२ जुलैला शासन निर्णय काढला. निकालातले अपवाद मात्र फार कमी वेळा सांगितले जातात. भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शासनाने रीतसर दिलेल्या जमिनी, तसेच शाळा-दवाखान्यासारख्या सोयी जिथे आधीच आहेत त्या जागा, अशा प्रकरणांतच ताबा नियमित करण्याची मुभा न्यायालयाने ठेवली. २०२२ मध्ये हा विषय मुंबई उच्च न्यायालयात आला, तेव्हा राज्यात सुमारे ४.५२ लाख हेक्टर गायरानापैकी १०,०८९ हेक्टरवर, म्हणजे २.२३ टक्के क्षेत्रावर अतिक्रमण असल्याची आकडेवारी पुढे आली. अतिक्रमणांची संख्या मात्र २ लाख २२ हजारांच्या घरात होती. भागाकार केला तर सरासरी ताबा अर्ध्या गुंठ्याचा नव्हे, जेमतेम साडेचार गुंठ्यांचा येतो. म्हणजे यांतली पुष्कळशी घरेच असणार.

सौरपॅनेल आले तर?

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये वीज उपकेंद्राजवळच्या सरकारी जमिनी नाममात्र भाड्याने घेतल्या जातात. एका मेगावॉटला साधारण चार ते पाच एकर लागतात. शेतकऱ्याला पंपासाठी दिवसा वीज मिळते, हा फायदा छोटा नाही. बिबट्या-सापांच्या भीतीत रात्री पाणी द्यायला जाणाऱ्याला विचारा. ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख याप्रमाणे तीन वर्षांत १५ लाख रुपयांचे अनुदानही योजनेत आहे. पण पॅनेलभोवती कुंपण पडते आणि चराई थांबते. वीज बागायतदाराला मिळते आणि चारा शेळीवालीचा जातो, अशी विभागणी होणार असेल तर ते ग्रामसभेत आधीच बोलले गेले पाहिजे. महसूल संहितेच्या कलम २२-अ नुसार गायरान दुसऱ्या कामाला न देणे हा नियम आहे. सार्वजनिक प्रकल्पासाठी दुसरी योग्य जमीन नसेल, तर अपवाद करता येतो. दुसरी जमीन शोधली का, हा प्रश्न गावाने विचारायलाच हवा.

गावाने सुरुवात कुठून करावी?

एक-ब आणि एक-इ च्या नकला आणि गावनकाशा घेऊन शिवारफेरी काढावी. सोबत तलाठी असावा, तशीच रोज गुरे वळणारी बाईही असावी. प्रत्येक गटात आज काय आहे ते लिहावे, फोटो काढावेत आणि ती यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी. गवत राखायचे असेल तर अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरेबाजारने चराईबंदी करून चारा कापून नेण्याची पद्धत लावली, ती पाहण्यासारखी आहे. गावठाणातल्या पडक्या वाड्यांना मात्र ही रीत लागू होत नाही. भिंत पडली तरी मालकी पडत नाही, त्यासाठी ड्रोन मोजणीनंतर मिळालेली मिळकत पत्रिका पाहावी.

फेरी एकदा काढून भागत नाही. चैत्रात गेलात तर सगळा माळ उजाड दिसेल आणि ‘पडीक’ लिहून मोकळे व्हाल. पोळ्याच्या सुमारास त्याच माळावर पुन्हा जा.