सतारमेकर गल्लीचा कान

लंडनची डेन्मार्क स्ट्रीट, टोकियोचा ओचानोमिझु भाग ही नावं गिटारवाल्यांना तोंडपाठ असतात. मुंबईत गिटार घ्यायची म्हटलं की पावलं धोबीतलावाकडे वळतात. तिथल्या फुर्टाडोज या वाद्यविक्रेत्यांचा व्यवसाय तर 1865 पासूनचा. पण वाद्य जिथे घडतं तिथेच विकलं जातं, अशी महाराष्ट्रातली गल्ली पाहायची तर मिरज गाठावी. सतारमेकर गल्लीत दुकानाच्या दारातच रंधा चालतो, आत भोपळे रचलेले असतात आणि मागून कुणीतरी तार छेडत असतं.

इथले मूळ कारागीर शिकलगार. तलवारी-भाल्यांना धार लावणं हा त्यांचा पिढीजात धंदा. इंग्रजी अंमलात शस्त्रांची मागणी आटली आणि हातातली कला रिकामी राहिली. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांना गाण्याची आवड होती, दरबारात गवयांची ये-जा होती. वाद्यं दुरुस्त कोण करणार, या गरजेतून 1850 च्या सुमारास फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन यांनी या कामात हात घातला. दुरुस्तीतून घडण आली आणि ‘सतारमेकर’ हे आडनावच झालं.

भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमाकाठच्या शेतांतून. हा कडू भोपळा खायचा नव्हे. जाड सालीचा, पक्का वाळलेला. तो पाण्यात भिजवून मऊ करतात, तोंड कापून आतला गर-बिया खरवडतात आणि घेर नीट राहावा म्हणून आत काटक्या अडकवून पुन्हा वाळवतात. मग तुणीच्या लाकडाचा गळा, दांडी आणि तबली, वर चपड्याचं पॉलिश. नक्षीसाठी पूर्वी हस्तिदंत असे.

पण तंबोऱ्याचा जीव जवारीत. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी दिसायला सपाट, खरं तर तिला डोळ्याला न जाणवणारा उतार असतो. त्या उतारावर टेकत-सुटत तार थरथरते आणि मूळ स्वरातून उपस्वर उमलतात. कारागीर कानशीचे दोन हलके हात मारतो, तार चढवतो, छेडतो, मान हलवतो, तार उतरवून पुन्हा घासतो. शेवटी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवतो. दोरा केसभर हलला तरी आवाज मिटतो. नीट जमलं, की खर्जाच्या तारेतून कुणीही न छेडलेला गांधार स्वच्छ ऐकू येतो. हे काम कुठल्या मापात बसत नाही. बापाशेजारी वर्षानुवर्षं बसून मुलाचा कान तयार होतो.

किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले, 1937 मध्ये गेल्यावर मीरासाहेब दर्ग्याच्या आवारातच विसावले. तिथे त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणं होतं. त्यांच्या गायिका कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्मही मिरजेचाच. एकेका सुरावर रेंगाळणारी ही गायकी आणि जवारीचा इतका सूक्ष्म विचार करणारी ही गल्ली एकाच गावात असावी, हा मला नुसता योगायोग वाटत नाही. गवयाच्या कानाने कारागिराकडून जास्त मागितलं, आणि कारागिराने ते दिलं.

म्हणूनच मैफिलीत तबला-पेटीच्या साथीदारांसोबत तंबोरा घडवणाऱ्याचंही नाव घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. आमच्या कार्ल्याच्या चैत्यगृहात दोन हजार वर्षांपूर्वीचा एक लेख आहे: धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने, वेणुवासाच्या मुलाने, हे दार केलं. राजे आणि व्यापारी यांच्या दानांच्या शेजारी सुताराचं नाव, बापाच्या नावासकट. तेवढा मान मिरजेच्या कारागिराला आज का मिळू नये?

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. याचा आनंद आहेच. पण इलेक्ट्रॉनिक तंबोरा 1979 पासून बाजारात आहे आणि आता मोबाइलवर सूर फुकट वाजतो. रियाजाला तो सोयीचा, हे मान्य. मात्र त्यावरच वाढलेल्या मुलाला तार लावायची सवयच लागत नाही, आणि ज्याला तार लावता येत नाही तो जवारीसाठी कारागिराकडे कशाला जाईल?

यंदा सुट्टीत मिरजेला गेलात, तर आपली पट्टी आधी सांगा. पुरुषांचा काळी एकचा तंबोरा वेगळा, बायकांचा काळी चार-पाचचा वेगळा. घेर, लांबी, तारा सगळं बदलतं. नक्षी पाहून वाद्य निवडू नका. जवारी समोर बसून काढून घ्या, मध्ये घाई करू नका, आणि घरी आल्यावर खुंट्या पिळून तार तोडण्याआधी मणके सरकवून सूर बारीक जुळवायला शिकून घ्या.