व्यायाम प्रशिक्षक व चिकित्सक यांच्यातील समन्वय : प्रशिक्षणार्थीच्या सुरक्षिततेच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

महाराष्ट्राला तालमींची दीर्घ परंपरा लाभली आहे. तालमीत वस्तादाच्या नजरेखाली घुमणारा पठ्ठा बहुधा तरुण व निरोगी असे. आजच्या व्यायामशाळेत मात्र पन्नाशी उलटलेल्या, नियमित औषधे घेणाऱ्या व्यक्तीही येतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंडियाब' अभ्यासानुसार, २०२१ मध्ये देशात सुमारे १०.१ कोटी व्यक्तींना मधुमेह, तर ३१.५ कोटी व्यक्तींना उच्च रक्तदाब होता. अशा व्यक्तींना चिकित्सक "व्यायाम करा" असा सल्ला देतात. परंतु कोणता, किती व कोणत्या मर्यादेत, हे बहुधा अनुत्तरित राहते. दुसरीकडे प्रशिक्षकाला व्यायामाचे ज्ञान असले तरी समोरच्या व्यक्तीच्या औषधांची माहिती नसते. या दोहोंमधील अंतर कसे धोकादायक ठरते व ते कसे भरून काढता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

समन्वयाची आवश्यकता :

समन्वयाची गरज पुढील तीन उदाहरणांवरून स्पष्ट होते.

१) रक्तदाब अथवा हृदयविकारासाठी दिली जाणारी 'बीटा ब्लॉकर' गटातील औषधे हृदयाची गती वाढू देत नाहीत. वयावरून काढलेली नाडीची अपेक्षित गती गाठण्याचा आग्रह प्रशिक्षकाने धरल्यास अशा व्यक्तीवर अवाजवी ताण पडतो. येथे नाडीऐवजी श्रमाची जाणीव हे माप उपयुक्त ठरते. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांच्या ६ ते २० अंकांच्या श्रमजाणीव श्रेणीवर १२-१३ हा अंक मध्यम श्रम दर्शवितो. व्यायाम करताना बोलता येते, पण गाता येत नाही, ही त्याची सोपी खूण होय.

२) इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे घेणाऱ्या मधुमेही व्यक्तीची रक्तशर्करा व्यायामामुळे एकाएकी उतरू शकते, कित्येकदा हा परिणाम काही तासांनी, रात्री झोपेतही दिसून येतो. व्यायामापूर्वी शर्करा प्रति डेसिलिटर ९० मिलिग्रॅमपेक्षा कमी असल्यास आधी १५ ते ३० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत, असे अशा व्यक्तींसाठी सर्वसाधारणपणे सुचविले जाते. उपाशीपोटी पहाटे व्यायामशाळा गाठण्याची सवय त्यांच्या बाबतीत घातक ठरू शकते. घाम, थरथर व गोंधळलेपण ही 'थकव्याची' लक्षणे समजून दुर्लक्षिली जाण्याचा धोकाही असतो.

३) मधुमेहामुळे नेत्रपटलावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या निर्माण झाल्या असल्यास श्वास रोखून जड वजन उचलल्याने डोळ्यात रक्तस्राव होऊ शकतो. पायांची संवेदना कमी झालेल्या व्यक्तीस चुकीच्या पादत्राणांमुळे झालेली जखम कळतही नाही. या दोन्ही बाबी बाहेरून दिसत नाहीत; त्या चिकित्सकाच्या तपासणीतूनच समजतात.

पूर्वतपासणीची पद्धत :

कॅनडामध्ये १९७० च्या दशकात विकसित झालेली 'पार-क्यू' ही प्रश्नावली आजही सुधारित स्वरूपात वापरली जाते. छातीत दुखणे, चक्कर येणे, चालू औषधे इत्यादींविषयी ती प्रश्न विचारते. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेने २०१५ मध्ये आपली पद्धत बदलली. सरसकट सर्वांना चिकित्सकाकडे पाठविण्याऐवजी सध्याची व्यायामाची सवय, ज्ञात आजार वा लक्षणे आणि अपेक्षित व्यायामाची तीव्रता या तीन बाबींवर निर्णय घ्यावा, असे तिने सुचविले. त्यानुसार हृदय, चयापचय वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या व आजवर व्यायाम न केलेल्या व्यक्तीने लक्षणे नसली तरी प्रथम वैद्यकीय संमती घ्यावी. लक्षणे जाणवत असल्यास मात्र नियमित व्यायाम करणाऱ्यानेही व्यायाम थांबवून तपासणी करून घेणे आवश्यक आहे.

माहितीची देवाणघेवाण व कार्यमर्यादा :

केवळ "व्यायामास हरकत नाही" एवढी चिठ्ठी पुरेशी नसते. निदान, चालू औषधे, वर्ज्य हालचाली, श्रमाची मर्यादा व पुढील तपासणीचा दिनांक या पाच बाबी तीत असाव्यात. प्रशिक्षकानेही उपस्थिती, व्यायामाचा क्रम, रक्तदाबाच्या नोंदी व जाणवलेली लक्षणे यांचे एक पानी टिपण चिकित्सकास पाठवावे. त्याआधारे औषधाची मात्रा बदलायची किंवा कसे, हे चिकित्सक ठरवू शकतात. ही देवाणघेवाण प्रशिक्षणार्थीच्या लेखी संमतीनेच व्हावी; कारण आरोग्यविषयक माहिती ही त्याची खाजगी बाब आहे.

निदान करणे, औषध बंद करण्यास सांगणे, आजारावर आहार वा पूरके सुचविणे ही प्रशिक्षकाची कार्ये नव्हेत. संबद्ध व आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या राष्ट्रीय आयोग कायद्यात भौतिकोपचार तज्ज्ञांचा समावेश आहे, व्यायामशाळेतील प्रशिक्षकांचा नाही. म्हणूनच दुखापतीनंतरचे पुनर्वसन भौतिकोपचार तज्ज्ञाकडे व त्यानंतरचे बलवर्धन प्रशिक्षकाकडे, अशी विभागणी उचित ठरते. तथापि छातीत कळ, दम लागणे वा भोवळ आल्यास व्यायाम तत्काळ थांबवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलाविणे आणि गरज पडल्यास हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवन करणे, हे प्रत्येक प्रशिक्षकास यावयासच हवे.

निष्कर्ष :

व्यायाम हा औषधासारखाच आहे. त्यालाही मात्रा, पथ्य व देखरेख लागते. चिकित्सक मात्रेची मर्यादा सांगू शकतो, परंतु आठवड्यातून तीन-चार वेळा त्या व्यक्तीस प्रत्यक्ष पाहणारा प्रशिक्षकच असतो. या दोघांना जोडणारा दुवा महागडा नाही. एक प्रश्नावली, एक सविस्तर चिठ्ठी व एक टिपण एवढ्यावर तो उभा राहतो. महाविद्यालयांच्या जिमखान्यात विद्यार्थ्यांबरोबर मधुमेह वा रक्तदाब असलेले प्राध्यापक व कर्मचारीही व्यायाम करतात. शारीरिक शिक्षण संचालकांनी प्रवेशाच्या वेळीच ही पद्धत लागू केल्यास तिचा आरंभ महाविद्यालयापासून होऊ शकेल.