मॉरिशसच्या मळ्यांतील हजेरीपट

मॉरिशस बेटावर उभ्या उसाच्या मधोमध काळ्या धोंड्यांचे जे रचीव ढीग आणि लांबच लांब ओळी आढळतात, त्या निसर्गाने घातलेल्या नाहीत. ज्वालामुखीने पसरलेला तो दगड पहारीने उपटून, उचलून, एकावर एक चढवून आणि मोकळ्या झालेल्या पट्टीत खड्डे घेऊन ज्यांनी उसाची लागण केली, ते कष्टकरी दोन निरनिराळ्या पर्वांतील होते. पहिल्या पर्वातील माणूस मालकाच्या मिळकतीत जमा होता, आणि दुसऱ्या पर्वातील माणूस करारनाम्यावर निशाणी करून, कायद्याच्या भाषेत स्वतंत्र म्हणून, त्याच मळ्यात उतरला होता.

या बेटावर ऊस आणला तो डचांनी, १६३९ साली, जावाहून. डच निघून गेल्यावर फ्रेंचांनी १७२१ पासून वसाहत वसविली, आणि मादागास्कर व मोझांबिकच्या किनाऱ्यावरून, काही प्रमाणात हिंदुस्थानातूनही, माणसे विकत आणून तिचा पाया घातला. १७२३ च्या फर्मानाने गुलाम ही जंगम मालमत्ता ठरली; पळून जाणाऱ्याचे पहिल्या खेपेस कान कापून खांद्यावर डाग द्यावा, दुसऱ्या खेपेस पायाची शीर तोडावी, तिसऱ्या खेपेस देहान्त शासन करावे, असा त्यात दंडक होता. तरीही माणसे पळतच राहिली, आणि नैर्ऋत्येचा ल मोर्न डोंगर त्यांचा आश्रय म्हणून प्रसिद्ध झाला. १८१० मध्ये बेट इंग्रजांच्या ताब्यात आले. १८२५ मध्ये येथील साखरेवरील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी खाली आणली गेली, आणि तेव्हापासून इतर पिके मागे सारून ऊस सर्वत्र पसरला.

उसाचा प्रसार म्हणजे गुलामाच्या दिवसाची वाढ, हे ध्यानात घेतले पाहिजे. पहाटेची घंटा होताच टोळ्या उभ्या राहत; धट्ट्याकट्ट्या स्त्रीपुरुषांची मोठी टोळी खड्डे खणणे, खत वाहणे, तोडणी करणे ही कामे करी, पोरेसोरे व थकलेली माणसे यांची लहान टोळी खुरपणीस जाई, आणि दोहोंवर चाबूक घेतलेला मुकादम असे. तुटलेला ऊस फार वेळ पडून राहिला तर रस उतरतो, म्हणून हंगामात चरक आणि चुलवाण रात्रीही थंड होत नसत. आपल्याकडील गुऱ्हाळात काहिलीजवळ उभे राहिलेल्या माणसास त्या धगीची कल्पना येईल. परंतु आपला गुळव्या हंगाम संपला की घरी जातो, आणि तेथील गुळव्याचे घर, बायको, मुले ही सर्व त्या चरकाच्याच मालकाची होती. १८१५ पासून सरकारने केलेल्या गुलामांच्या नोंदवह्यांत नाव, वय, उंची, अंगावरच्या खुणा आणि कामाचा प्रकार हे सारे मिळते. मात्र हे सारे कोणाच्या तरी मालकीच्या यादीत मिळते.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी कायद्याने संपली. नुकसानभरपाई म्हणून २० लाख पौंडांहून अधिक रक्कम मालकांना मिळाली, ज्यांचे आयुष्य खर्ची पडले त्यांना कवडीही नाही. उलट शेतावरील मुक्त गुलामांना ‘उमेदवार’ ठरवून आठवड्याचे ४५ तास जुन्या धन्याकडे बिनपगारी राबण्यास भाग पाडले गेले. ३१ मार्च १८३९ रोजी ही उमेदवारी सुटली, आणि ही माणसे मळे सोडून मासेमारीस, सुतारकीस, गवंडीकामास, लहानशा तुकड्यावरील भाजीपाल्यास लागली. मळेवाल्यांनी यास आळस म्हटले, आणि कित्येक इतिहासकारांनी तो शब्द निमूटपणे उतरून घेतला. मला तो अन्याय वाटतो. कारण ज्या जागी आपल्या आईला फटके बसलेले पाहिले त्या जागी पगारासाठीही उभे न राहणे, हा विचारपूर्वक केलेला निर्णय होता.

त्यांची जागा भरण्याची तजवीज मात्र आधीच झाली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी, म्हणजे मुक्तीच्या तीन महिने अगोदर, ‘ॲटलस’ जहाजातून छोटा नागपूरच्या डोंगराळ मुलखातील ३६ मजूर कलकत्त्याहून पोर्ट लुईस बंदरात उतरले. पुढे मद्रास आणि मुंबई ही बंदरेही या वाहतुकीस लागली, आणि १९१० पर्यंत साडेचार लाखांहून अधिक हिंदी माणसे या बेटावर आली. मुंबईचा वाटा त्यांत लहान होता. परंतु त्या वाट्यात रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा आणि कोल्हापूरकडचे लोक होते.

पाच वर्षांची मुदत, पुरुषास महिना ५ रुपये, शिवाय तांदूळ, डाळ, मीठ असा शिधा, ही कराराची मुख्य कलमे होत. ती वाचली तर व्यवहार रास्त भासतो. पण निवारा गुलामांच्या जुन्या झोपड्यांच्या रांगेतच मिळे, घंटा तीच होती, आणि हजेरीपटावर एक दिवस गैरहजेरी पडली की दोन दिवसांची मजुरी कापली जाई. ज्याला ताप आला आणि ज्याला इस्पितळात जाता आले नाही, त्याचा महिना अशा दुहेरी कपातीत कसा विरघळून जात असेल, याचा हिशेब अवघड नाही. पगार कित्येक महिने थकविणेही सर्रास चाले. चाबकाचे काम आता वही करू लागली.

मुदत पुरी केलेल्यांचीही सुटका नव्हती. १८६७ च्या कायद्याने अशा ‘जुन्या’ मजुरास स्वतःचे छायाचित्र लावलेला परवाना सदैव जवळ बाळगावा लागे. त्या छायाचित्रांत पाटीवर क्रमांक, डोईला मुंडासे आणि कॅमेऱ्याकडे रोखलेली नजर दिसते. पुष्कळांनी आपली छबी आयुष्यात तेवढी एकदाच पाहिली असेल. परवाना घरी राहिला, पाऊस लागून खराब झाला वा मजूर दुसऱ्या तालुक्यात गेला, की शिपाई त्याला धरून नेत आणि ग्रँड रिव्हरच्या भटक्यांच्या कोंडवाड्यात रवानगी होई. याच सुमारास हिवतापाच्या साथीने हजारोंचा बळी घेतला होता.

६ जून १८७१ रोजी आडोल्फ द प्लेविट्झ या मळेवाल्याच्या साहाय्याने ९,४०१ जुन्या मजुरांनी गव्हर्नर आर्थर गॉर्डन यांस या जाचाविरुद्ध अर्ज दिला. एका मळेवाल्यानेच आपल्या जातभाईंविरुद्ध मजुरांची फिर्याद मांडावी, हे मळेवाल्यांस सहन झाले नाही. त्याच्या हद्दपारीची मागणी झाली आणि भर रस्त्यात त्याच्यावर हल्लाही झाला. पण अर्ज दाबला गेला नाही. १८७२ मध्ये विलायतेहून आलेल्या चौकशी मंडळाने पगाराच्या वह्या आणि पोलिसांचे दप्तर उलगडून १८७५ मध्ये अहवाल दिला, आणि १८७८ मध्ये मजुरांचा नवा कायदा झाला. सुधारणा मंद होती. शिवाय हेच गॉर्डन पुढे फिजीचे गव्हर्नर झाले आणि तेथे हिंदी मजूर नेण्याची पद्धत त्यांनीच सुरू केली, हेही विसरता येत नाही.

साखरेचे भाव पडल्यावर मोठ्या मळ्यांनी कडेची जमीन तुकड्यांनी विकण्यास काढली. पैसा गाठीशी बांधलेले मुकादम आणि जुने मजूर यांनी ती घेतली, आणि त्या तुकड्यांभोवती गावे उभी राहिली. कास्काव्हेलसारख्या वस्तीत मराठी कुटुंबांनी देऊळ बांधले, कोकणातील जाखडी ‘झाकरी’ या नावाने टिकविली. गणेशचतुर्थी आज त्या देशात सार्वजनिक सुटीचा दिवस आहे. मुक्त गुलामांच्या वंशजांच्या वाट्याला जमिनीचा हा ओघ फारसा आला नाही. पुष्कळांकडे होते तेही तुकडे खोट्या दस्तऐवजांनी आणि अपुऱ्या नोंदींमुळे गेले. गुलामगिरी व करारमजुरी या दोहोंचा वारसा तपासण्यासाठी मॉरिशस सरकारने नेमलेल्या सत्य व न्याय आयोगापुढे २००९ ते २०११ या काळात अशा जमिनींच्या तक्रारी शेकड्यांनी दाखल झाल्या, आणि तक्रारदारांकडे दाखविण्यास होते ते बहुधा आजोबांचे नाव आणि बांधाची आठवण एवढेच.