‘सेड’नंतर कोणता भूतकाळ? सप्लायरला मेल करण्याआधी वाचा

सप्लायर फोनवर जे बोलला ते आपण नंतर इंग्रजी मेलमध्ये लिहितो आणि तिथेच अडतो. कारण मराठीत आपण समोरच्याचं वाक्य जसंच्या तसं ठेवतो: ‘तुम्ही म्हणालात, माल पाठवतो.’ इंग्रजीत मात्र ‘सेड’ आलं की पुढचं क्रियापद साधारणपणे एक पायरी मागे जातं.

कोणतं रूप घ्यायचं? एकच प्रश्न विचारा: तो बोलला, त्या वेळी काम कुठे होतं?

१. झालेलं होतं: यू सेड यू हॅड डिस्पॅच्ड द गुड्स.
२. चालू होतं: यू सेड यू वेअर पॅकिंग द गुड्स.
३. व्हायचं होतं: यू सेड यू वुड डिस्पॅच द गुड्स.

हा फरक पैशाचा आहे. ‘हॅड डिस्पॅच्ड’ म्हणजे माल निघाल्याचं त्याने सांगितलं; लगेच बिल्टी मागा. ‘वुड डिस्पॅच’ म्हणजे नुसता शब्द दिलाय; उरलेलं पेमेंट सोडायची घाई नको.

तारीख दिली असेल तर साधा भूतकाळही चालतो: यू सेड यू डिस्पॅच्ड इट ऑन मंडे.

आणि गोष्ट आजही खरी असेल तर वर्तमानकाळ ठेवता येतो: यू सेड द रेट इज फोर हंड्रेड. इथे ‘वॉज’ही बरोबर आहे, पण तो रेट आजही लागू आहे का, हे त्यातून कळत नाही. म्हणून रेट कन्फर्म करताना ‘इज’च लिहा.

पुढचा मेल पाठवण्याआधी ‘सेड’नंतरचं क्रियापद एकदा तपासाच!