मेंदूतील रक्तवाहिन्यांचा गुंता

मेंदूत रक्तस्राव झाला असे कानावर आले की, रक्तदाबाने गांजलेला साठीपुढचा गृहस्थ आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. बहुधा ते चित्र खरेच असते. परंतु कधी कधी हा घाला वीस-तीस वर्षांच्या धडधाकट तरुणावर येतो. रक्तदाब नाही, मधुमेह नाही, व्यसन नाही. तरीही मस्तक फुटेल अशी वेदना होऊन तो कोसळतो. अशा तरुण रोग्यांत शोध घेता पुष्कळदा एक विकृती सापडते. तिचे शास्त्रीय नाव लांबलचक असल्यामुळे डॉक्टर मंडळी तिला 'ए. व्ही. एम.' म्हणतात. आपण तिला रक्तवाहिन्यांचा गुंता म्हणू. हा गुंता म्हणजे काय आणि तो सापडल्यास काय करावे, या दोनच प्रश्नांचा आम्ही येथे विचार करणार आहोत. दुसरा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

धरणाच्या कालव्याचे पाणी कोणी एकदम पिकात सोडीत नाही. कालव्यातून चारी, चारीतून पाट, पाटातून वाफा, अशी त्याची वाटणी होते. वाटणी होता होता त्याचा जोर ओसरतो आणि उरलेले पाणी संथपणे ओढ्याला मिळते. मेंदूतही हीच व्यवस्था आहे. हृदयातून येणारे रक्त रोहिण्यांतून जोराने येते, केसाहून बारीक अशा केशवाहिन्यांत पसरते, पेशींना प्राणवायू देते आणि मग शांतपणे नीलांतून परत जाते. म्हणूनच रोहिणीची भिंत जाड, तर नीलेची पातळ असते. आमचा हा गुंता जेथे असतो तेथे मधल्या केशवाहिन्याच नसतात. कालवा फोडून सरळ ओढ्यात सोडावा, तसे रोहिणीचे रक्त पूर्ण वेगाने नीलेत शिरते. हा जोर सोसण्यासाठी नीला घडलेलीच नसते. ती फुगते, वेडीवाकडी होते आणि एखाद्या दिवशी कुठेतरी फुटते.

असा गुंता लाखात सुमारे दहा ते अठरा माणसांत असतो. सुमारे निम्म्या रोग्यांत रक्तस्राव हीच त्याची पहिली खूण ठरते. काहींना त्याआधी फीट येते, काहींचे डोके वारंवार दुखते. आणि काहींना तर जन्मभर काहीच होत नाही, दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या चित्रात तो अवचित दिसतो. यासाठी तरुण वयात आलेली पहिली फीट कांदा हुंगवून विसरून जाऊ नये. मेंदूचा एम.आर.आय. काढून घ्यावा.

हा घराण्याचा दोष आहे काय, असे आम्हांस अनेकदा विचारण्यात येते. काही विरळ आनुवंशिक रोग सोडले, तर तसे नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, तपासलेल्या ७२ रोग्यांपैकी ४५ जणांच्या गुंत्यातील पेशींत 'के-रास' नावाच्या जनुकात बिघाड आढळला. हा बिघाड त्या जागच्या पेशींपुरता असतो. आईबापांकडून आलेला नसतो. तेव्हा अशा मुलीच्या वा मुलाच्या लग्नाच्या बोलण्यात त्याचा बाऊ करण्याचे कारण नाही.

पूर्वी हा गुंता डोके उघडल्यावाचून दिसतच नसे. १९२७ साली लिस्बन येथे एगास मोनिझ यांनी रोहिणीत रंगद्रव्य सोडून क्ष-किरणांनी मेंदूतील रक्तवाहिन्यांचे चित्र घेतले आणि शल्यविशारदांना प्रथमच नकाशा मिळाला. तरी १९२८ साली अमेरिकेतील हार्वे कुशिंग यांच्यासारख्या धुरंधरालाही या विकृतीवर शस्त्र चालविणे फार धोक्याचे वाटे. १९३२ साली स्टॉकहोमच्या हर्बर्ट ओलिव्हेक्रोना यांनी असा एक गुंता समूळ काढून दाखविला. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली शस्त्रक्रिया होऊ लागल्या आणि हे काम पुष्कळ सुरक्षित झाले.

आज उपाय तीन आहेत. पहिला शस्त्रक्रियेचा. गुंता निघाला की धोका तत्काळ संपतो. परंतु तो किती मोठा आहे, वाचा, हालचाल, दृष्टी अशा केंद्रांना लागून आहे काय, आणि त्याचे रक्त मेंदूच्या खोल नीलांत जाते काय, हे तीन प्रश्न आधी सोडवावे लागतात. १९८६ साली स्पेट्झलर आणि मार्टिन यांनी यांवरूनच पाच पायऱ्या ठरविल्या. खालच्या दोन पायऱ्यांवर शस्त्रक्रिया बहुधा सुखरूप होते; वरच्या दोन पायऱ्यांवर ती फार जोखमीची असते. दुसरा उपाय, जांघेतून वा मनगटातून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गुंत्याच्या वाटा बुजविण्याचा. १९६० साली त्याचा पहिला प्रयोग प्रसिद्ध झाला. एकट्या या उपायाने गुंता क्वचितच पुरता नाहीसा होतो. तो बहुधा इतर दोहोंच्या मदतीला येतो. तिसरा उपाय, स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांनी काढलेल्या मार्गाने किरणांचा अचूक मारा करण्याचा. लहान गुंत्याला तो चांगला लागू पडतो. मात्र गुंता बुजण्यास दोन-तीन वर्षे लागतात आणि तोवर रक्तस्रावाची भीती कायम राहते.

आता कठीण प्रश्न. एकदा फुटलेला गुंता पुन्हा फुटण्याचा संभव अधिक, म्हणून शक्य असेल तेथे त्यावर उपाय करावा, याबद्दल फारसा वाद नाही. पण जो फुटलेलाच नाही त्याचे काय? २०१४ साली 'अरुबा' नावाच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अशा २२३ रोग्यांपैकी काहींना केवळ औषधांवर ठेवले होते, तर काहींच्या गुंत्यावर उपाय केले होते. सरासरी ३३ महिन्यांत औषधवाल्यांपैकी शेकडा १० जणांना, तर उपायवाल्यांपैकी शेकडा ३१ जणांना मृत्यू वा पक्षाघात आला. यावरून, हात लावू नये असा निष्कर्ष निघतो, असे अनेकांना वाटले.

पण थोडा हिशेब करू. न फुटलेला गुंता फुटण्याचा संभव वर्षाला शेकडा सुमारे दोन धरला, तर पुढे पंधरा वर्षे जगणाऱ्या पासष्टीच्या गृहस्थाला तो शेकडा २६ पडतो; पन्नास वर्षे जगणाऱ्या विशीतील मुलाला शेकडा ६४! शिवाय प्रत्येक रक्तस्रावात दहांतील सुमारे एक रोगी दगावतो आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना कायमचे पंगुत्व येते. उपायाचा धोका एकदाच पत्करावा लागतो, गुंत्याचा दरवर्षी. ३३ महिन्यांच्या चाचणीत पन्नास वर्षांचा हिशेब कसा मावावा? उलट, मोठ्या व खोल गुंत्यात उपायच रोगाहून भयंकर ठरतो. म्हणून सर्वांना लागू पडेल असे एकच उत्तर येथे नाही.

तेव्हा ज्याच्या घरी हा प्रसंग आला असेल त्याने घाबरून जाऊ नये, आणि 'आजच ऑपरेशन करा' असा हट्टही धरू नये. एकवार फुटला आहे काय, आकार किती, जागा कोणती आणि रोग्याचे वय काय, हे चार प्रश्न डॉक्टरांना शांतपणे विचारावेत. दुसऱ्या तज्ज्ञाचेही मत घ्यावे. न फुटलेल्या गुंत्यात तेवढी सवड बहुधा असते. सवड नसते ती एकाच वेळी. कधी नव्हे अशी डोकेदुखी एकाएकी उठली, वांती झाली, हातपाय लुळे पडले वा शुद्ध हरपू लागली, तर गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. सी.टी. स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात रोग्यास तत्काळ न्यावे. विचार करण्याची वेळ आणि धावण्याची वेळ यांतील भेद कळला, तर आमचे हे विवेचन सार्थकी लागले असे आम्ही समजू.